मोबाईलच्या आधी कोण शिकवत होते?

कुठे एखादी भयंकर घटना घडली, वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आली, की आपल्या वस्तीत नळावर, कंपनीच्या गेटवर, बचत गटाच्या बैठकीत एकच वाक्य ऐकू येते. "हे सगळे त्या मोबाईलमुळे." मोबाईल नव्हता तेव्हा हेच वाक्य व्हिडिओ पार्लरबद्दल बोलले जात होते आणि त्याच्याही आधी पिवळ्या पुस्तकांबद्दल. हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते अर्धे आहे. मोबाईल दोषी ठरला की घर सुटते, गाव सुटते, जात सुटते आणि कोर्टही सुटते. म्हणून या वेळी आम्ही राहिलेल्या अर्ध्याबद्दल लिहिणार आहोत. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. जे कुटुंबात घडते ते कुटुंबाच्या पानावर लिहायचे नाही, तर मग लिहायचे कुठे?

आधी मोबाईलचेच पाहू. 2018 साली उत्तराखंडात डेहराडूनजवळच्या एका निवासी शाळेत एका विद्यार्थिनीवर त्याच शाळेतल्या मुलांनी बलात्कार केला. मुलांनी त्याआधी मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहिल्या होत्या असे तपासात आले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने याची दखल घेतली आणि अशी संकेतस्थळे बंद करा असा आदेश दिला. त्यानंतर केंद्र सरकारने 827 संकेतस्थळे बंद करायला लावली. असाच प्रयत्न 2015 सालीही झाला होता. तेव्हा 857 संकेतस्थळांची यादी निघाली, ओरड झाली आणि आठवड्याभरात सरकारने माघार घेतली. 2018 ची बंदी कागदावर टिकली. पण मोठ्या संकेतस्थळाने नावाची शेपटी बदलली आणि दुसऱ्या दाराने आत आले. बंदी कशी चुकवायची हे आठवी-नववीतल्या पोरांना सरकारपेक्षा जास्त ठाऊक असते. शिवाय 2016 नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की ज्या घरात पुस्तकाचे कपाट नाही, त्या घरातही ही चित्रे पोचली.

तर मग या चित्रफिती पाहून माणूस बलात्कारी होतो का? अमेरिकेत सरकारने यासाठी दोन वेळा आयोग नेमले. 1970 च्या आयोगाने म्हटले, तसा पुरावा नाही. 1986 च्या आयोगाने म्हटले, संबंध आहे. डेन्मार्कने 1967 साली अश्लील लिखाणावरची आणि 1969 साली चित्रांवरची बंदी उठवली. तिथल्या बर्ल कुचिन्स्की या अभ्यासकाने पुढची आकडेवारी तपासली, तर बलात्कार वाढले असे त्याला दिसले नाही. अमेरिकेतले नील मॅलमथ यांनी अनेक वर्षे या प्रश्नावर काम केले आणि त्यांचे म्हणणे आम्हाला सर्वांत पटणारे वाटते. ज्या पुरुषाच्या मनात बाईबद्दल आधीच राग आणि तुच्छता आहे, तो जेव्हा हिंसक चित्रफिती सतत पाहतो, तेव्हा धोका वाढतो. ज्याच्या मनात ती तुच्छता नाही, त्याच्यावर तसा परिणाम फारसा दिसत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर चित्रफीत हे रॉकेल आहे. ओल्या लाकडावर ओतले तर वाया जाते, वाळलेल्या लाकडावर ओतले तर भडका उडतो. लाकूड कोणी वाळवले, ते आपल्याला पाहायचे आहे.

पण रॉकेलमध्ये काय असते तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरातल्या बायकांनी ते पाहिलेले नसते आणि पुरुष सांगत नाहीत. 2010 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी जास्तीत जास्त खपणाऱ्या अश्लील चित्रपटांतली 304 दृश्ये तपासली. त्यांतल्या शंभरातल्या 88 दृश्यांत मारणे, गळा धरणे, केस ओढणे असे काहीतरी होते. मार खाणारी जवळजवळ नेहमी बाई होती. आणि खरी गोष्ट पुढे आहे. मार खाऊन ती बाई रडत नाही, रागावत नाही, उठून जात नाही. ती एक तर गप्प राहते, नाही तर तिला ते आवडते असे दाखवतात. चौदा-पंधरा वर्षांचे पोर हे पाहते. त्याने आयुष्यात कुठल्याही बाईशी या विषयावर एक शब्दही बोललेला नाही. त्याला काय कळणार? बाई "नाही" म्हणते ते म्हणायचे म्हणून म्हणते, दुखले तरी तिला हवेच असते, एवढाच धडा तो घेऊन उठतो.

आता या धड्याकडे नीट पाहा. हा धडा मोबाईलने शोधून काढला का?

आमची पिढी थिएटरात बसून वाढली. नायक नायिकेच्या मागे सायकलवरून फिरतो, वाट अडवतो, ओढणी खेचतो, ती चिडते, पुढच्या गाण्यात ती त्याच्या गळ्यात. छेड काढणे हा प्रेमाचा पहिला अंक, हे आपण शिट्ट्या वाजवून मान्य केले. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत तर हिंदी सिनेमात बलात्काराचे दृश्य हे मारामारी आणि गाण्यासारखे ठरलेलेच असायचे. 1980 साली आलेला 'इन्साफ का तराजू' बलात्काराच्या विरोधात आहे असे सांगितले गेले. पण त्यातली दृश्ये प्रेक्षकाला चाळवण्यासाठीच लांबवली आहेत अशी टीका तेव्हाच झाली. हे सगळे सेन्सॉर बोर्डाच्या शिक्क्यासह, कुटुंबासह पाहण्यासाठी होते.

आणि थिएटर तरी कशाला? आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट घ्या. 26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज. मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, भावाने केलेल्या तक्रारीमुळे पोलीस ठाण्यात गेली. रात्री घरच्यांना बाहेर काढून तिला आत ठेवून घेतले आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती असे तिथे लिहिले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. मग 1978 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती होती.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, दार बंद, समोर वर्दीतला माणूस आणि पोर आदिवासी मजुराची. तिने प्रतिकार केला नाही म्हणे! गप्प राहिली म्हणजे तयार होती, हा निष्कर्ष त्या पोराने मोबाईलवरून काढला तर आपण त्याला विकृत म्हणतो. तोच निष्कर्ष त्या वेळी देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने काढला होता, आणि तेव्हा भारतात मोबाईल नव्हता.

1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. मुंबईसह देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने "माझी संमती नव्हती" असे सांगितले, तर कोर्टाने तिच्यावर विश्वास ठेवून चालावे असे ठरले. पुढे 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि 2013 च्या कायद्याने स्पष्ट लिहिले की, संमती म्हणजे शब्दाने, खुणेने, स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार, आणि अंगाने झगडली नाही एवढ्यावरून होकार धरता येणार नाही. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हे एक वाक्य कायद्यात यायला 41 वर्षे लागली. बाई "सवयीची" आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन बोटांनी केली जाणारी ती किळसवाणी तपासणी तर सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली पुन्हा एकदा कडक शब्दांत बंद करायला सांगितली, कारण आधी सांगूनही ती चालूच होती.

यातला जातीचा भाग वर्तमानपत्रे सोडून देतात. आम्हाला तो सोडता येत नाही. कुठली बाई "उपलब्ध" आहे आणि कुठली नाही, हे या देशात जातीने ठरवले. देवीला सोडलेली पोर, जोगतीण, मुरळी यांच्यावर गावाचा हक्क असतो हे धर्माच्या नावाने शिकवले गेले. सोडलेल्या पोरी कुणाच्या वस्तीतल्या असत, ते सांगायला नको. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी या भगिनींची सभा घेतली आणि हे जिणे सोडा असे त्यांना स्पष्ट सांगितले. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध 1934 साली कायदा झाला होता. तरी महाराष्ट्राला 2005 साली तोच कायदा पुन्हा करावा लागला. यावरून मुळे किती खोल गेली आहेत ते कळते.

गंमत अशी की, हीच जात कोर्टात उलटी वापरली जाते. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवी या सरकारच्या महिला विकास योजनेत साथिन म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 22 सप्टेंबर 1992 रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली जयपूरच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. निकालातले एक कारण असे होते की, वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावून स्वतःला बाटवून घेणार नाहीत. दिवसा शिवायचे नाही आणि रात्री सोडायचे नाही, हा गावाचा रिवाज आपल्या आज्यांना माहीत होता. न्यायाधीशांना तेवढा माहीत नव्हता. याच भंवरी देवींच्या लढ्यातून 1997 साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि 2013 साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. कंपनीत, ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मुलींना आज जी तक्रार समिती मिळते, ती या बाईमुळे.

29 सप्टेंबर 2006 चे खैरलांजी आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारले. भंडाऱ्याच्या कोर्टाने आणि नंतर उच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही आणि मायलेकींवर लैंगिक अत्याचार झाल्याचेही धरले नाही. त्या दिवशी गावाला चिथावले ते कुठल्या चित्रफितीने नव्हे. जमीन, शिकलेली मुलगी, आणि ताठ मानेने राहणारे घर, एवढे पुरले.

आपली भाषासुद्धा तपासायला हवी. बलात्काराला आपण काय म्हणतो? "अब्रू गेली", "इज्जत लुटली", "तिच्यावर तसला प्रसंग आला". बाईची अब्रू काचेचे भांडे, ही म्हण आपल्याही घरात चालते. चोरी झाली तर चोराची अब्रू जाते. इथे मात्र जिच्यावर गुन्हा झाला तिचीच अब्रू जाते, आणि तिच्याबरोबर घराची, जातीची, गावाची. म्हणूनच समाजाला नमवायचे असेल तर त्याच्या बाईवर हात टाकायचा, हे गुंडांना कळते. अब्रू तिथे ठेवली आपणच. मुलगी घरी येऊन सांगत नाही ती याच भीतीने. सांगितले तर आई आधी तिच्या तोंडावर हात ठेवते.

या भीतीवर तर एक मोठा धंदाच उभा राहिला. 1992 साली अजमेरमध्ये शाळा-कॉलेजच्या मुलींना फसवून त्यांची छायाचित्रे काढली आणि ती दाखवण्याच्या धमकीवर त्यांच्यावर अत्याचार चालू ठेवल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात आणखी सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये, बत्तीस वर्षांनी. शाळेतल्या त्या मुली तोपर्यंत पन्नाशीकडे झुकल्या होत्या. 1994 साली आपल्या जळगावचे प्रकरण बाहेर आले, त्यातही कॅमेऱ्याच्या धाकाचेच आरोप होते. 2015 साली हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेने सरन्यायाधीशांना पत्र लिहून बलात्काराच्या खऱ्या चित्रफिती व्हॉट्सअॅपवर फिरत असल्याचे दाखवून दिले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून सुनावणी सुरू केली आणि त्यातूनच पुढे केंद्र सरकारचे सायबर तक्रारीचे संकेतस्थळ आले. चित्रफीत पाहून बलात्कार होतो का, यावर विद्वानांचे वाद चालतील ते चालोत. पण काही चित्रफिती स्वतःच बलात्कार असतात. त्या पुढे पाठवणारा मुलगा, "मी तर फक्त फॉरवर्ड केली" म्हणणारा, त्या गुन्ह्यात आपला हात घालतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या अशा चित्रफिती नुसत्या पाहणे आणि फोनमध्ये ठेवणे हाही गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सांगितले आहे. हे घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवावे.

त्याच निकालात न्यायालयाने मुलांना लैंगिक शिक्षण देण्याची गरजही सांगितली. आणि इथे आम्हाला जुन्या गोष्टीची आठवण होते. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि 1953 पर्यंत चालवले. शरीर, संततिनियमन, स्त्रीचे सुख यांबद्दल ते मराठीत सरळ लिहीत. वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. सनातन्यांनी त्यांना अश्लील ठरवून कोर्टात खेचले. 1934 च्या खटल्यात कर्वे यांचे वकीलपत्र घेतले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी. महाडचा सत्याग्रह झाला होता, पुणे करार झाला होता, कामाचा डोंगर होता, तरीही घेतले. लैंगिक प्रश्नांवर कोणी लिहिले एवढ्यानेच ते अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्वे यांना दंड झाला. आपल्या सभांमधून बाबासाहेबांची पुष्कळ चरित्रे सांगितली जातात, पण हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. वक्त्यांना संकोच वाटत असावा!

या संकोचाची किंमत पाहा. 2007 साली शाळांमधून किशोरवयीन मुलांना शरीराची माहिती देणारा कार्यक्रम यायचा होता. आपल्या संस्कृतीला धोका आहे म्हणून महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. मास्तरांनी सांगायचे नाही, आईने सांगायचे नाही, बापाने तर विषयच काढायचा नाही. ज्ञानाला दाराबाहेर उभे केले आणि घाण खिडकीतून आत आली. कर्वे यांना दंड करणाऱ्या देशाने आपली मुले त्या 827 संकेतस्थळांच्या शाळेत घातली.

आया आम्हाला विचारतात, पोराच्या फोनमध्ये असे काही सापडले तर काय करावे? बापाला सांगून पट्ट्याने झोडपून काढावे का? आमचे म्हणणे, झोडपू नका. मार खाऊन तो एवढेच शिकेल की पुढच्या वेळी लपवायला हवे. फोनही फोडू नका, हप्त्याचा असतो. बापाने किंवा मामाने, नाही तर ज्याचे पोर ऐकते अशा शिकलेल्या भावाने त्याला बाजूला घ्यावे आणि सरळ बोलावे. या वयात कुतूहल असते, त्यात पाप नाही. पण तू पाहिलेस ते नाटक आहे. पैसे देऊन करून घेतलेले आहे, कधी कधी धमकावून करून घेतलेले आहे. खऱ्या बाईला दुखते. ती नाही म्हणाली तर नाही, गप्प राहिली तरीही नाही, आणि हो म्हणून नंतर थांब म्हणाली तर तिथेच थांबायचे. एवढे बोलायला दहा मिनिटे पुरतात. पहिली दोन मिनिटे बापाच्या कपाळाला घाम येईल, तो येऊ द्यावा.

आपल्या घरांची एक अडचण आम्हाला माहीत आहे. दहा बाय बाराची खोली, मधे साडीचा पडदा. पोरे झोपली असे मोठ्यांना वाटते, पोरे झोपलेली नसतात. पडद्यापलीकडे आई नको म्हणत होती आणि बापाने ऐकले नाही, हे ज्या पोराने दहाव्या वर्षी अंधारात ऐकले, त्याला चित्रफितीने नवीन काय शिकवले? तोच धडा त्याने दुसऱ्यांदा ऐकला, इतकेच.

विहारात आपण दर रविवारी पंचशील म्हणतो. तिसरे शील पोरे तोंडपाठ म्हणतात. व्यभिचार करू नये, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोकडे पाहू नये, एवढाच अर्थ त्यांना कोणी सांगितला असेल तर सांगितला. स्वतःच्या बायकोवर जबरदस्ती हासुद्धा मिथ्याचार आहे, असे प्रवचनात आम्ही फार थोड्या वेळा ऐकले.

आणि हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. 2022 साली देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. शेजारी, नातलग, मालक, लग्नाचे वचन देणारा. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी राक्षस फार थोड्या ठिकाणी. यात नवरा मोजलेलाच नाही, कारण कायदा त्याला मोजत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या विवाहित बायकांनी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांतल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणींनी आताच्या नवऱ्याचे नाव घेतले. याच पाहणीत काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या बायका 45 टक्के निघाल्या आणि पुरुष 44 टक्के. आकडे पुन्हा वाचावेत, चुकून उलटे छापलेले नाहीत. वर्मा समितीने नवऱ्याला दिलेली ही सूट काढा असे सांगितले होते. ते मानले गेले नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बायको अठरा वर्षांची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही.

महिला मंडळाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, की एखादी बाई चपला घालता घालता मागे रेंगाळते. आधी इकडचे तिकडचे बोलते. मग हळूच सांगते की, नवरा रात्री फोनवर काहीतरी लावतो आणि तसेच कर म्हणतो, नाही म्हटले तर हात उचलतो. सासूला सांगितले तर सासू म्हणते, नवरा आहे तो, बाहेर तर जात नाही ना? या बाईला आम्ही काय सांगायचे?

तिला हे सांगायचे की, बलात्काराच्या कायद्यात तिला जागा नसली तरी दुसऱ्या कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा नवऱ्यालाही लागू आहे आणि त्यात लैंगिक छळ धरलेला आहे. या कायद्याखाली घटनेचा अहवाल भरण्याचा जो छापील नमुना आहे, त्यात जबरदस्तीच्या संबंधांचा रकाना आहे आणि त्याच्याच खाली, अश्लील चित्रे किंवा साहित्य बळजबरीने पाहायला लावले, असाही रकाना आहे. म्हणजे ज्याने कायदा लिहिला त्याला ही गोष्ट ठाऊक होती. बाईने लाजून स्वतःच्या शब्दांत सांगायची गरज नाही, नुसती खूण करायची आहे. हा अहवाल संरक्षण अधिकारी भरून घेतात. त्यांचा पत्ता महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. 181 या महिला मदत क्रमांकावर फोन केला तरी मदत कुठे मिळेल ते सांगतात, आणि मुलांसाठी 1098 आहे. अहवाल भरायला वकील लागत नाही. एकटीने जायचा धीर होत नसेल तर मंडळातल्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. जाताना आधारकार्ड आणि लग्नाचा काही पुरावा असेल तर बरोबर ठेवावा, नसेल तरी जावे.